सटाण्याच्या गाडीतली फ्लॉपी

आमच्या बुद्धभूषणला कुणी कॉम्प्युटरवाला म्हटलं की मला हसूच यायचं. अहो, सातपूरच्या कारखान्यात टाइमकीपर होता तो! चाळिशीला टेकल्यावर क्लास लावला, दोन बोटांनी टाइप करायला शिकला आणि थेट आमच्या वधू-वर मंडळाचा कॉम्प्युटर ताब्यात घेतला. मी छाया, मंडळाची चिटणीस. शाळेत शिकवते, त्यामुळे आवाज मोठा. पण त्या डब्याला बोट लावायची माझी काय बिशाद! लगेच ओरडायचा, "ताई, हात नका लावू!"

१९९९ साली त्याने तीनशे मुलामुलींची यादी टाइप केली आणि फाइलला पासवर्ड लावला. काय तो तोरा! मेळाव्यात उभा राहून म्हणाला, "पत्ते बिनधास्त लिहा. पासवर्डशिवाय ही फाइल कुणाच्या बापाला उघडायची नाही." साक्षी तेवढी लिहीना. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून ती सटाण्याहून निघून आलेली. फारकत झाली तरी तो बाबा तिला शोधत फिरत होता. बुद्धभूषणने स्वतः तिची समजूत काढली, तेव्हा कुठे तिने उपनगरातल्या खोलीचा पत्ता लिहिला.

सटाण्याच्या शाखेला यादी पाठवायची आमची रीत साधी. फ्लॉपी पाकिटात घालायची, सीबीएस स्टँडवर एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची आणि गाडीचा नंबर फोनने कळवायचा. तिकडे शाखेचा जयराम स्टँडवर पाकीट उतरवून घेणार. पासवर्ड त्याला संध्याकाळी फोनवर सांगायचा. जयरामचा कॉम्प्युटर क्लास होता आणि साक्षीचा तो नवरा तिथेच शिकवायला! तरी आम्ही निर्धास्त. पासवर्ड आहे ना!

त्या रविवारी दहाच्या गाडीने पाकीट गेलं. मी मंडळात फॉर्म लावत बसले होते. एकदम आरोळी आली, "छायाताई! पळत या!"

बुद्धभूषणने चुकून फाइल नोटपॅडमध्ये उघडली होती. पडद्यावर चिन्हांचा नुसता चिवडा आणि पहिल्याच ओळीत स्वच्छ अक्षरांत त्याच्या आईचं नाव, विमला. तोच पासवर्ड! सॉफ्टवेअर आमच्याकडे पासवर्ड मागायचं आणि स्वतः मात्र तो फाइलमध्येच लिहून ठेवायचं. "केवढी मोठी चूक पकडली, ताई! एवढ्या मोठ्या कंपनीची!" गडी अक्षरशः नाचत होता. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू?

मग माझं लक्ष घड्याळाकडे गेलं, दहाची गाडी तर सुटलीही होती.

"साक्षी," तो म्हणाला आणि मटकन खालीच बसला.

जयरामला फोन लावला, उचलेना. "बसतोस काय? गाडी काढ!" मी खेकसले. त्याच्या एम-एटी स्कूटरवर मी मागे, पदर खोचून. अगं बाई, काय पळवली त्याने! ओझरपर्यंत माझा जीव मुठीत. पण एसटी साधी होती, प्रत्येक फाट्यावर थांबणारी. पिंपळगावच्या स्टँडवर दिसली एकदाची! कंडक्टर चहा पीत होता.

"ज्याच्या नावाचं पार्सल, त्यालाच देणार," कंडक्टर सावळीरामने ठणकावलं. मी वर्गातला आवाज लावला, तरी ढिम्म. शेवटी बुद्धभूषण पुढे झाला. "दादा, यात एका बाईचा पत्ता हाय. तिला मारणारा माणूस सटाण्यात बसलाय." सावळीरामने ग्लास खाली ठेवला, गाडीत चढला आणि पाकीट आणून त्याच्या हातात दिलं. मला तर रडूच फुटलं.

"चला, सुटलो!" मी म्हटलं. "आता कुणाला काही सांगायची गरज नाही."

"गरज आहे, ताई. भरवसा मी दिला होता."

माझं ऐकेल तर तो बुद्धभूषण कसला! तस्सा धुळीने माखलेला, मला घेऊन साक्षीच्या दारात गेला. सगळं सांगितलं, पासवर्ड कसा दिसत होता तेही. म्हणाला, "माझं चुकलं. खात्री न करता तुम्हाला पत्ता लिहायला लावला."

साक्षी उंबऱ्यातच उभी होती.

"पत्ता खोडा," ती म्हणाली. "नाव राहू द्या."

आम्ही निघालो, तशी तिने मागून हाक मारली. "भाऊ, आमच्या घरात काहीही बिघडलं की चूक माझीच असायची. पुरुष माणूस 'माझं चुकलं' म्हणतो, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं."