आजोबांचं नाक

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. पूर ओसरला की बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर गाळ राहतो. तो काढता काढता दिवाळी येते, आणि तरी एखाद्या कोपऱ्यात बोटभर उरतोच. आमच्या बैठकीचं तसंच झालंय. बैठक मोडली, माणसं पांगली, पण माझ्या डोक्याच्या कोपऱ्यात अजून बोटभर शिल्लक आहे.

गोष्ट नव्वद सालानंतरची. बनारसच्या दुर्गाघाटावरच्या आम्हा चार मराठी माणसांची रविवारी संध्याकाळी घाटावर बैठक बसायची. मी एका इंटर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, म्हणून मंडळी मला 'प्राणीमास्तर' म्हणत. साठेशास्त्री वेदान्त शिकवायचे आणि चहा गरम आहे म्हटलं तरी प्रमाण मागायचे. देवधर पुण्याहून बदली होऊन आलेले, बँकेतले. घराला कुलूप लावून घाटावर पोचेपर्यंत दोनदा परत जाऊन कुलूप ओढून बघणारे. आणि चौथे माझे वडील, अप्पा. पंचगंगा घाटावर यात्रेकरूंची श्राद्धं, तर्पणं सांगणं हे त्यांचं काम. ते आमच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली बसत, सुपारी कातरत. ऐकतात की नाही ते कळायचं नाही.

एकदा मी फुशारकीने म्हणून बसलो, "शास्त्रीबुवा, माणूस कोण, भीती का, प्रेम कशासाठी, हे तुमचे सगळे प्रश्न उत्क्रांतीच्या वाटेने सुटतात!"

सुटले काही नाहीत. मला मात्र अन्न गोड लागेना. कारण लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. सुनंदानं, माझ्या बायकोनं, एका आश्रमातून मुलगी दत्तक घ्यायचा फॉर्म आणला होता. तिची सही झाली होती, माझी व्हायची होती. फॉर्म कपाटात साड्यांखाली, आणि मी वर्गात शिकवतोय की प्रत्येक जीव आपल्याच रक्ताला जपतो! परक्या मुलीवर माझा जीव बसेल का? नाही बसला तर त्या पोरीचं काय? आणि अप्पांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

*

पहिला किस्सा शास्त्रीबुवांचा. दोरी आणि साप हा त्यांचा आवडता दृष्टांत. अंधारात दोरी साप वाटते, दिवा आला की भ्रम जातो, तसंच हे जग. चाळीस वर्षं हेच शिकवत आलेले.

मी म्हटलं, "बुवा, दोरीला साप समजून पळाला तो वाचला. सापाला दोरी समजून उचलली त्याचा वंश तिथेच संपला. आपण सगळे पळणाऱ्यांची लेकरं."

शास्त्रीबुवा उठून घरी गेले. पुढचे दोन रविवार आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी सकाळी सातला आमच्या दारात! डोळे लाल.

"मास्तर, म्हणजे भ्रमाने पोरं जगवली आणि ज्ञान मागाहून आलं? मग मी विद्यार्थ्यांना काय सांगू?"

मला काय माहीत! त्यांना चहा दिला. त्याच आठवड्यात संध्याकाळी गल्लीतली बिजली गेली. शास्त्रीबुवांचा पाय कुणाच्या तरी पाण्याच्या पाइपवर पडला. म्हातारा माणूस, पण तीन पायऱ्या एका उडीत! मंगला गौरीच्या देवळाच्या पायरीवर धापा टाकत उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "मास्तर! वंश चालणार बरं का आमचा!"

*

आमच्या बाहेरच्या खोलीत आजोबांची रंगवलेली तसबीर आहे. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले, आजीही. मला ते तसबिरीतूनच माहीत. नाक असं मोठं, शेंड्याला डावीकडे जरासं वळलेलं.

अनुवंश म्हणजे काय हे देवधरांना समजावताना मी त्या तसबिरीखाली उभा राहिलो. म्हटलं, "बघा. आजोबा, अप्पा, मी. तीन पिढ्या, एक नाक. हा आमचा पुरावा."

देवधर चष्मा पुसून पुसून बघत होते. "अगदी! अहो, अगदी आजोबांचं नाक! शेंडासुद्धा डावीकडेच!"

शास्त्रीबुवांनीही मान्य केलं, आणि शास्त्रीबुवा काही मान्य करतात ही केवढी गोष्ट. अप्पा कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांनी एकदा तसबिरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "चुन्याची डबी कुठे ठेवली रे?"

*

देवधरांना साखरेचा आजार निघाला. पुण्यात असते तर पाळलं असतं पथ्य, पण बनारसात हिवाळा, आणि गल्लीच्या तोंडाशी मलइयोचा ठेला! केशरी फेस, मातीच्या कुल्हडात, तोंडात घातला की विरघळला. डॉक्टरांनी दम भरला. देवधरांना रात्रंदिवस एकच काळजी, पाय जाईल, डोळे जातील. तरी कुल्हड सुटेना.

"मास्तर, मला कळतंय तरी माझं मन ऐकत का नाही? मी आहे कोण मग?"

मी सांगितलं, पूर्वजांना गोड क्वचित मिळायचं. मिळालं की खाऊन घ्या, हा तेव्हाचा शहाणपणा, तो अजून अंगात आहे.

देवधर खूश! घरी जाऊन बायकोला म्हणाले, "अगं, मी खात नाही. माझे पूर्वज खातात."

वहिनी म्हणाल्या, "बरं. उद्यापासून इंजेक्शनं पण त्यांनाच टोचा."

*

लल्लन नावाचा मल्लाह, आमच्या घाटावर नाव बांधायचा. एका सकाळी एक यात्रेकरू खोल पाण्यात गेला आणि लल्लनने कपड्यांसकट उडी टाकली, ओढून आणलं त्याला. ना ओळख, ना पाळख!

आमच्या बैठकीला आयतंच खाद्य. मी म्हटलं, परक्यासाठी जीव धोक्यात घालणं हे माझ्या शास्त्रात सहज बसत नाही, काहीतरी कारण असणार. इनाम? नाव? उद्या तोही आपल्याला वाचवेल ही आशा? लल्लनला चहा पाजून आम्ही तिघांनी अर्धा तास घेरलं. "बताओ भाई, कूदते वक्त मन में क्या था?"

लल्लनने चहा संपवला, कुल्हड फेकलं आणि म्हणाला, "गुरुजी, सोचने बैठता तो वो डूब जाता."

देवधर हसले. मी नाही हसलो. मी आठ महिने विचार करत बसलो होतो, आणि तिकडे आश्रमातली पोर आठ महिन्यांनी मोठी झाली होती. घरी येऊन मी साड्यांखालचा फॉर्म काढला, पेन उघडलं, आणि परत ठेवून दिला. भित्रा माणूस मी, काय सांगू!

*

बारावीच्या वर्गातला किस्सा. मी रंगात येऊन सांगत होतो: जीवाचं काम एकच, आपल्यासारखं पुढे ठेवून जाणं. जो ठेवत नाही तो गोष्टीतून बाद.

पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी उभी राहिली. "सर, जिनके बच्चे नहीं होते, वो किसलिए होते हैं?"

तिला बिचारीला माझ्या घरचं काय माहीत! तिने सरळ विचारलं होतं. मी तिला "फालतू सवाल मत करो" म्हणून खाली बसवलं आणि घंटा व्हायच्या आत वर्ग सोडला. त्या मुलीची मी माफी मागायला हवी होती. अजून राहिली आहे.

*

त्यानंतरच्या रविवारी मी कोकिळेचं सांगितलं. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, आणि कावळा बिचारा परक्याचं पिल्लू पोसतो. फसवणूक, दुसरं काही नाही.

दोन पायऱ्या खालून अडकित्त्याचा आवाज थांबला.

"आणि कळलं तर?" अप्पांनी विचारलं.

"काय कळलं तर?"

"पिल्लू आपलं नाही, हे त्याला कळलं तर काय करतो तो?"

"त्याला कळत नाही अप्पा. म्हणून तर पोसतो."

"हं. म्हणजे न कळता पोसणाऱ्याचं तुझ्याकडे आहे. कळून पोसणाऱ्याचं काही आहे का?"

देवधर विषय बदलायला म्हणाले, "अप्पा, तुम्ही तर्पणात तीन पिढ्यांना पाणी देता. मास्तरांच्या हिशेबाने मागे मागे गेलं तर माकड येईल, आणखी मागे मासा! त्याचं काय?"

"येऊ देत की," अप्पा अडकित्ता मिटत म्हणाले. "ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना पाणी सांगितलंय. तुमचा मासा मध्येच कुठेतरी बसेल."

आणि उठून गेले. मी घरी येऊन सुनंदाला विचारलं, "तू अप्पांना काही बोललीस का?" ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मला काय विचारता? त्यांनाच विचारा." माझी हिंमत झाली नाही.

*

आता शेवटचा.

पितृपंधरवड्यातली सकाळ. गंगा अजून मातकट, वरच्या पायऱ्यांना लागलेली. अप्पा सत्तरीचे, गाळावरून पाय घसरेल म्हणून मी बरोबर गेलो. वडील हयात असले की मुलाने पितरांना पाणी द्यायचं नसतं, म्हणून मी नुसता तीळ आणि तांब्या धरून उभा. अप्पांनी बापाला दिलं, आजोबाला, पणजोबाला, सगळ्यांना दिलं. शेवटी त्यांनी स्नानाचं ओलं वस्त्र हातात घेतलं आणि पायरीवर पिळलं. पिळून पडतं ते पाणी कुळात निपुत्रिक गेलेल्यांचं. लहानपणापासून बघत आलोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. म्हटलं, हे माझं. तेही पिळणारा कोणी उरला तर. आणि मला, चाळिशीच्या माणसाला, तिथेच रडू फुटलं.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही. डोळ्यात तीळ गेला."

"फॉर्म कुठे आहे?"

"कोणता फॉर्म?"

"साड्यांखालचा."

सुनंदानं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! दोघं मिळून माझी वाट बघत होती.

मग काय लपवायचं! मी म्हटलं, "अप्पा, मला भीती वाटते. परक्याचं पोर. माझा जीव नाही लागला तर?"

अप्पांनी वस्त्र झटकून खांद्यावर टाकलं. "तुझे आजोबासुद्धा हे शेवटचं पाणी सोडताना रडायचे. त्यांना वाटायचं, आपल्या वाट्याला हेच. मग ते कोकणात गेले आणि चार वर्षांचा एक मुलगा घेऊन आले. आगगाडीत तो मुलगा त्यांच्या अंगावर ओकला. त्यांनी त्याला आपल्या उपरण्याने पुसलं, मांडीवर निजवलं, आणि काशी येईपर्यंत मांडी हलवली नाही. पुढे आठ दिवस लंगडत होते."

"कोण मुलगा?" मी विचारलं. मास्तर ना मी!

"मी," अप्पा म्हणाले. "तांब्या उचल. पाय जपून टाक, गाळ आहे."

सही मी त्याच दिवशी केली.

चैत्रात मुलगी घरी आली. दोन वर्षांची, काळीसावळी, नाकाला शेंबूड. पहिल्याच रविवारी अप्पा तिला कडेवर घेऊन बैठकीला आले. या वेळी दोन पायऱ्या खाली नाही, अगदी आमच्यात येऊन बसले. अप्पांनी पायरीवर सांगितलेली ती गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. पोरीला गर्दी बघून धास्ती वाटली, तिने माझं बोट घट्ट धरलं, आणि मी एवढा घाबरलो होतो की ते बोट सोडवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

देवधरांनी चष्मा पुसला, वाकून वाकून तिला निरखलं आणि भर घाटावर जाहीर केलं, "अहो शास्त्रीबुवा, बघा, बघा! अगदी आजोबांचं नाक!"

अप्पांनी तिचं नाक उपरण्याने पुसलं.

"असणारच," ते म्हणाले. "आमच्या घराण्यात हे असंच येतं."