मूळव्याधबाईंचा उजवा डोळा

नर्सिंग कॉलेजात शरीरशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना मुली पाठीमागे 'मूळव्याध' म्हणत. दिसेल त्या शब्दाचं मूळ खणून काढायची व्याधी, म्हणून. हे नाव बाईंच्या कानावर गेलं त्या दिवशी वर्गात सगळ्या माना खाली घालून बसल्या होत्या. बाईंनी फळ्यावर त्या रोगाचं ग्रीक नाव लिहिलं, 'रक्त वाहणं' असा सरळ अर्थ सांगितला आणि म्हणाल्या, "शिव्या द्यायच्या तर निदान अभ्यास करून द्या."

हे वेड काही जन्मजात नव्हतं. स्वतः शिकत असताना हाडांची नावं पाठ करता करता त्या रडकुंडीला आल्या होत्या. मग जुन्या बाजारात एक जाडजूड ग्रीक शब्दकोश मिळाला आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही अवघड नावं ठेवणारी माणसं आपल्यासारखीच होती. डोळ्यांना जे दिसलं, तेच नाव. पाठीच्या कण्याचं शेवटचं हाड त्यांना कोकिळेच्या चोचीसारखं वाटलं, म्हणून कोकिळा. आपल्या लोकांना तिथं माकड आठवलं. "म्हणून आपण म्हणतो माकडहाड," बाई वर्गात सांगत. "दोघांत प्रामाणिक कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा." अर्धं डोकं दुखतं त्याला त्यांनी 'अर्धी कवटी' म्हटलं, आपण अर्धशिशी. बुबुळातल्या काळ्या ठिपक्याला त्यांनी 'पोरगी' म्हटलं, 'बाहुली' म्हटलं, आपणही बाहुलीच. कुणी कुणाला विचारायला गेलं नव्हतं. समोरच्याच्या डोळ्यात डोकावलं की आपलीच चिमुकली आकृती दिसते, ती दोघांनाही दिसली. मुली हे जन्मात विसरत नसत.

निवृत्तीनंतर वर्ग संपला, पण बाई कुठल्या संपतात! कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला त्यांनी भर गिऱ्हाइकांत ऐकवलं, की त्याच्या पाटीवरच्या 'फार्मसी' या शब्दाचा मूळ अर्थ औषध, तसाच विषही. सुनेच्या वडिलांना पुन्हा पुन्हा वाढताना त्यांनी सांगितलं, की 'पॅरासाइट' म्हणजे मुळात दुसऱ्याच्या ताटाशेजारी बसून जेवणारा. व्याह्यांचा घास हातातच राहिला.

"आई, माझे बाबा आता चहासुद्धा घेत नाहीत आपल्याकडे," सून म्हणाली.

"मी त्यांना कुठं म्हटलं? मी शब्दाबद्दल बोलत होते."

"शब्द सांगताना तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात हो!"

मनात काही नव्हतं, हे खरंच होतं. चुकीचं कानावर पडलं की जीभ आपोआप सुटायची, शिंक यावी तशी.

आता हा उजवा डोळा. डावा लहानपणापासून नावालाच, त्यामुळे आयुष्यभराचं सगळं वाचन एकट्या उजव्याच्या जिवावर झालेलं. त्यातच मोतीबिंदू पिकला. शब्दकोशाची पानं धुकट झाली, अक्षरं मुंग्यांसारखी इकडेतिकडे पळू लागली. बाईंनी चालढकल केली. शेवटी एकदा नवऱ्याच्या शिंपीकामाच्या दुकानात शिरल्या आणि कोट घालून उभ्या केलेल्या पुतळ्याला म्हणाल्या, "उभे का? बसा ना." पुतळा बसला नाही, तेव्हा त्याच्या उद्धटपणावर दोन शब्द सुनावलेही.

नवऱ्यानं तोंडातली टाचणी काढली. "अगं, तो उत्तर देत नाही तोवर ठीक आहे. देईल त्या दिवशी मात्र मला भीती वाटेल. चल, उद्या दवाखान्यात."

डोळ्यांची डॉक्टर वयानं लहान आणि बोलायला मोकळी होती. तिनं सगळं नीट समजावलं. भूल द्यायची नाही, नुसते थेंब घालून डोळा बधिर करायचा. बारीकशी चीर द्यायची, गढूळ झालेलं भिंग आतल्या आत फोडून शोषून घ्यायचं, नवं बसवायचं. "पण बाई, तुम्ही जाग्या असणार. भिंगामागची पिशवी कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तुम्ही बोललात की जबडा हलतो, जबडा हलला की डोकं हलतं. पिशवी फाटली तर काम वाढलं. आणि तुमचा चालणारा डोळा हा एकच. तेव्हा एक शब्द नाही."

"एकही नाही?" बाईंनी विचारलं.

मागे उभा असलेला नवरा खोकला. सुनेनं खिडकीबाहेर बघितलं. घरी परतताना रिक्षात तिघांच्याही मनात एकच विचार होता. ऑपरेशन डोळ्याचं नव्हतं, तोंडाचं होतं.

बाईंनी सराव सुरू केला. सून मुद्दाम समोर बसून वाटेल ते बोलायची. "आई, 'स्कूल' म्हणजे मुळात छडी." बाईंचा चेहरा लाल व्हायचा. "फुरसत! स्कूल म्हणजे मुळात फुरसत! रिकामा वेळ!" असं ओरडून त्या हरायच्या. नवरा म्हणाला, "त्यापेक्षा ओठ शिवून देऊ का? धावदोरा घालतो, नंतर उसवता येईल."

ऑपरेशनच्या दिवशी बाईंना टेबलावर झोपवलं. तोंडावर हिरवं कापड, डोळ्यापुरतं भोक, वर डोळे दिपवणारा उजेड. एका थोराड सिस्टरनं त्यांचा हात हातात घेतला. "दुखलं-खुपलं तर बोलायचं नाही हं, माझा हात दाबायचा." यंत्र गुणगुणू लागलं. डोळ्यावरून गार पाणी वाहिलं, उजेडात निळे-गुलाबी ढग फिरू लागले. दुखत मुळीच नव्हतं. बाईंना वाटलं, एवढंच होय! उगाच घाबरले.

तेवढ्यात प्रसूती विभागातून नुकतीच बदलून आलेली दुसरी सिस्टर हळू आवाजात विचारती झाली, "या ऑपरेशनला फेको का म्हणतात हो?"

थोराड सिस्टर म्हणाली, "डॉक्टर फेको म्हणून होते ना परदेशात. त्यांनीच शोधून काढलं."

बाईंचा हात आपोआप आवळला गेला.

"थांबा!" सिस्टर दचकली. "पेशंटला दुखतंय."

यंत्र थांबलं. "बाई, दुखत असेल तर एकदा दाबा, नसेल तर दोनदा," डॉक्टर म्हणाली. सगळं लक्ष कामात असल्यानं मागचं बोलणं तिच्या कानावर गेलंच नव्हतं.

बाईंनी दोनदा दाबला. तिसऱ्यांदाही दाबावासा वाटत होता, पण डॉक्टर फेको या जगात झालेच नाहीत, हे हात दाबून कसं सांगणार?

"छान. आता पिशवी साफ करतेय. जराही हलू नका."

काम पुन्हा सुरू झालं आणि सिस्टरची जीभही. "बिचाऱ्यांनी लग्नसुद्धा केलं नाही म्हणे. सगळं आयुष्य डोळ्यांना वाहिलं."

बाईंच्या घशात शब्द येऊन उभा राहिला. जीभ टाळ्याला चिकटवून त्यांनी तो तिथंच अडवला. पापुद्रा, कांद्याचा पापुद्रा, एवढंच मनात घोकत राहिल्या. समोरचे ढग विरघळत चालले. कानशिलावरून घाम ओघळला. डॉक्टर फेकोंना दोन बहिणी होत्या, दोघींना मोतीबिंदू होता, हेही त्यांना ऐकावं लागलं. बाई हलल्या नाहीत.

"झालं!" डॉक्टर म्हणाली.

"मसूर!" बाई कापडाखालून ओरडल्या.

"भूक लागली असेल," सिस्टर मायेनं म्हणाली.

"भूक कसली! फाकोस म्हणजे मसूर! डोळ्यातलं भिंग मसुरीच्या दाण्यासारखं असतं, म्हणून फेको! कुणी डॉक्टर नव्हता, आणि त्याला बहिणीही नव्हत्या!"

डॉक्टर इतकी हसली की तिला मास्क सावरावा लागला. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यानं आतली आरोळी ऐकली आणि सुनेला म्हणाला, "चल, डोळा वाचला."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. बाईंना समोरच्या तक्त्यावरची अगदी खालची ओळसुद्धा दिसली. भिंतीला गेलेला तडा दिसला, नवऱ्याच्या सदऱ्यावर चिकटलेला पांढरा दोरा दिसला. घरी गेल्यावर शब्दकोश कुठून उघडायचा, हेही त्यांनी ठरवून टाकलं. मग थेंबांची चिठ्ठी मिळेपर्यंत बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर ऑपरेशनला आलेले एक आजोबा पांढरेफटक पडून बसले होते. थोराड सिस्टर त्यांची समजूत घालत होती. "घाबरू नका हो आजोबा. डॉक्टर फेको फार मोठा माणूस. मसूर त्यांना भारी आवडायची, रोज खायचे. म्हणून नजर इतकी तेज!"

नवऱ्यानं बाईंचं मनगट धरलं. "अगं, जाऊ दे. आजच पट्टी निघालीय."

"सोडा!" बाई उठल्या, आजोबांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि मसूर, भिंग, ग्रीक लोक, सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. सिस्टर कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

आजोबांनी सगळं निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मसूर असो नाही तर हरभरा असो. दुखतं का, तेवढं सांगा."

"छे हो, डोळा मुळीच दुखत नाही," बाई म्हणाल्या. "गप्प बसावं लागतं, तेवढं फार दुखतं."