अंगचोर

डॉक्टरांनी मला फसवलं. मनाच्या आजाराच्या गोळ्या त्यांनी मला चार वर्षं दिल्या आणि त्या बंद करताना पुढे काय होऊ शकतं, ते सांगितलं नाही. मी विचारलं होतं. हसून म्हणाले, "काही होत नाही हो, सवय लागणाऱ्यातल्या गोळ्या नाहीत या." त्याला आता सव्वा वर्ष झालं. आज सकाळी मी गोठ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. एवढ्याचा हिशेब अंग उद्या करणार की परवा, याची वाट बघत हे लिहायला बसलोय.

मी बैलांचा व्यापारी. आमच्याकडे हेडी म्हणतात. वडिलांची जमीन कोरडवाहू, खाणारी तोंडं सात. नववीतून शाळा सोडली आणि लोकांची जनावरं बाजारात पोचवायचं काम धरलं. शेवगावच्या बाजूला आमचं गाव. तिथून घोडेगावच्या बाजारापर्यंत बैल चालवत न्यायचे. आदल्या दिवशी पहाटे निघायचं, ऊन तापलं की एखाद्या लिंबाखाली थांबायचं, भाकरी आणि खरडा खायचा, बैलांना पाणी दाखवायचं आणि पुन्हा निघायचं. टेम्पोतून उतरलेलं जनावर बाजारात भेदरलेलं उभं राहतं आणि गिऱ्हाईक भाव पाडतं. चालत आलेलं जनावर मोकळं असतं. त्याच्या अंगावर धूळ असते, पण डोळ्यांत धास्ती नसते.

माझं सगळं शिक्षण त्या रस्त्यावर झालं. बैलांच्या मागून चालताना मी धुळीतले ठसे बघायचो. चांगल्या चालीच्या बैलाचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो. मागे पडला तर कमरेत काहीतरी आहे. दात बघून वय कळतं, पण बैल कळतो तो चालीत. पुढे मी स्वतः सौदे करायला लागलो तेव्हा पायांचा आणखी एक उपयोग समजला. भाव जुळत नसला की उपरणं झटकायचं, चार शब्द सुनवायचे आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मागे बघायचं नाही. पंधरा-वीस पावलांत हाक येते. माझी चाल अशी होती की समोरच्याला वाटायचं, हा खरंच गेला. बाजारातली माणसं म्हणायची, हा तोंडानं भांडतो आणि पायानं जिंकतो. ते दिवस आठवले की आजही तळपायांना ती ऊन धूळ जाणवते.

मग जनावरांमध्ये रोगाची साथ आली आणि बाजार बंद झाले. ज्या माणसाने बाजाराचा एक वार चुकवला नव्हता, तो ओट्यावर बसून राहिला. झोप गेली, भूक गेली. एकदा रिकाम्या गव्हाणीपुढे उभा राहून रडलो, ते बायकोने पाहिलं आणि मला नगरला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी गुण आला. खोटं कशाला बोलू? झोप लागली, भाकरी गोड लागली, बाजार सुरू झाले तसा मीही सुरू झालो. चार वर्षांनी म्हटलं, आता बरा आहे, कशाला खायच्या? डॉक्टरांनाही ते पटलं.

गोळी सुटली आणि तिसऱ्या आठवड्यापासून डोकं बिघडलं. नजर वळवली की आत करंट बसल्यासारखं व्हायचं. तेही सोसलं असतं. एका सकाळी बरं वाटलं म्हणून झपाझप पाटापर्यंत जाऊन आलो, जेमतेम तीन किलोमीटर. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उठलो तर पाय भिजलेल्या पोत्यांसारखे जड. नुसतं अंथरुणावर उठून बसलो तरी छाती धडधडायची, हात थरथरायचे, कारण नसताना डोळ्यांतून पाणी. चार दिवस असे गेले. छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. आणि ज्याला त्याला एकच औषध माहीत होतं, चाला. पाहुणे म्हणाले चाला, मेहुणा म्हणाला पळा. मीही तसलाच. घाम गाळल्याशिवाय काही मिळतं, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. पाचव्या दिवशी पुन्हा पाटावर गेलो आणि आठ दिवस आडवा झालो. पुन्हा गेलो, पुन्हा आडवा. असे तीन महिने मी स्वतःला मारत होतो.

बाजारातला माझा जुना जोडीदार एकदा भेटायला आला. आम्ही तीस वर्षं एकमेकांचे सौदे मोडत आलो, तरी घरी आला की एकाच ताटात जेवतो. अंगणात मोटारसायकल लावतालावताच त्याने तोंड सोडलं.

"काय शेठ, जावयावानी बसून ऱ्हायलाय! बाजारात लोक इचारत्यात, हेडी हाय का गेला?"

"चालवत नाही रे."

"चालवत न्हाई का चालायचं न्हाई?"

"उठून एक कानफटात दिली असती, पण उद्या झोपून राहावं लागंल."

तो हसला आणि मग हसायचा थांबला. माझ्याकडे त्याने वरून खालपर्यंत पाहिलं, जनावराकडे बघावं तसंच. म्हणाला, "तुझा त्यो तांबडा आठवतो का? लाळ्या-खुरकुतातून उठलेला?"

आठवला. धंद्याच्या पहिल्या वर्षी स्वस्तात मिळाला म्हणून घेतला होता. थंडीत घेतला, दिसायला राजा. उन्हं चढल्यावर औताला जुंपला, तर नांगराच्या चार फेऱ्यांत जीभ बाहेर आणि भात्यासारखी धाप. मला वाटलं, अंग चोरतोय. मी त्याला चाबकाने फोडला. बांधावरून वडील धावत आले आणि चाबूक माझ्या हातातून हिसकला. "अंगचोर न्हाई त्यो, गाढवा! रोग गेलाय, पर आतनं करपून गेलाय." त्यानंतर वडील त्याला रोज पहाटेच्या गारव्यात एकच फेरी काढायचे आणि धाप लागायच्या आधी सोडायचे. आठवड्याने दोन फेऱ्या. दोन हंगाम गेले. तो पुरता बरा झाला नाही, पण सकाळचं काम डौलात करायला लागला. मी त्याची कधी माफी मागितली नाही. बैलाची माफी मागायची असते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

जोडीदार गेल्यावर मी गोठ्यापासून बाभळीपर्यंतची पावलं मोजली. चाळीस. तेवढीच चाललो आणि परत येऊन बसलो. अजून चाल, असं अंग सांगत होतं, तरी बसलो. माझ्यासारख्याला हे फार अवघड. मी आयुष्यभर समोरच्याकडून थोडं जास्तच ओढत आलो. अंगाशी घासाघीस चालत नाही. ते लगेच हो म्हणतं आणि परवा वसूल करतं. संगमनेरच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी ऐकून घेतलं, थोडी गोळी परत सुरू केली आणि महिन्यांच्या हिशेबाने कणाकणाने कमी करायला घेतली. चाळिसाची साठ पावलं झाली, साठाची शंभर. मध्ये दोनदा सगळं मागे गेलं. आता डांबरी रस्ता गाठलाय.

मला फार काही नको. एकदा बाजारात चालत्या बैलाच्या मागून चालायचंय. आता लोक मोबाईलवर व्हिडिओ पाठवतात, "बघा कसा चालतो." त्यात ठसे दिसत नाहीत.

गेल्या महिन्यात मी बायकोला घेऊन नगरच्या त्या डॉक्टरांकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. ते म्हणाले, "जुना आजार वर आला असेल. वयही झालं. व्यायाम वाढवा." मी आवाज चढवला, बाहेरची माणसं दारात गोळा झाली. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, गप बसा. डॉक्टरसायबांनी दोन महिन्यांत कमी करा म्हणलं हुतं. तुमीच पंधरा दिवसांवर आणलं."

ही गोष्ट मी वर लिहिली नाही. खरी आहे. ते दोन महिने म्हणाले, मी म्हणालो, "कशाला एवढं? पंधरा दिवसांत सोडतो." ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "बरं, चालेल." हाच तो सौदा. मला आयुष्यात इतक्या लवकर कुणी भाव सोडला नव्हता आणि मी खूश होऊन बाहेर पडलो. चांगल्या मालाचा धनी इतक्या सहज खाली येत नाही, हे मला कळायला हवं होतं. दोन महिनेसुद्धा कमीच होते, हे आता संगमनेरला कळतंय.

पण डॉक्टर, कमी करून मागणं हा माझा धंदा. मी नववीतून शाळा सोडलेला हेडी आहे. सोडायला घाई करायची नाही, हे ठाऊक असणं हा तुमचा धंदा. मी पंधरा दिवस म्हणालो तेव्हा तुम्ही ‘नाही’ का म्हणाला नाहीत? त्या खोलीत नाही म्हणू शकणारा माणूस एकच होता. बायकोसमोर, दारात जमलेल्या माणसांसमोर मी हेच विचारलं आणि तुम्ही पुढच्या पेशंटला आत बोलावलंत. मी परत येणार आहे. पायात बळ आलं की एसटीने येईन. या वेळी वय सांगू नका, व्यायाम सांगू नका. उत्तर द्या.