बोलल्याशिवाय न हलणारं जहाज

माझा दादा तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवत होता. जमिनीपासून बारा मजले उंच, काचेच्या खोलीत एकटाच. खालचा माणूस वॉकीटॉकीवर सांगायचा, "डावीकडे दोन हात." दादा आधी ते वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचा आणि मगच दांड्याला हात लावायचा. तसा नियमच होता त्यांच्यात. सांगणाऱ्याला कळलं पाहिजे की ऐकणाऱ्याने नेमकं काय ऐकलं. दादाचा आवाज तर असा दणदणीत, की वॉकीटॉकी बंद पडली तरी काम अडणार नाही, असं त्याचे सोबती म्हणायचे. घरात तो फोनवर बोलायला लागला की मी दार लावून घ्यायची.

मागच्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर उरली. दादा सडाफटिंग आणि माझे यजमान जाऊन चार वर्षं झालेली, म्हणून मी त्याला माझ्याकडे घेऊन आले. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "रोज निदान अर्धा तास बोला. नाहीतर आहे तोही आवाज बसेल." दादाने मान डोलावली आणि घरी येऊन तोंडाला कुलूप लावलं.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. आ वासून बसलेल्या माणसाच्या नुसत्या हुंकारावरून त्याला पाणी हवंय की दुखतंय, हे मी वीस वर्षं ओळखत आलेय. त्यामुळे दादाला बोलायची तोशीस पडू नये याची माझ्याकडे पूर्ण सोय होती. त्याने 'अगं' म्हणायचा अवकाश, की मी उठून पंखा लावलेला असायचा. मला माझ्या या तत्परतेचा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

माझी लेक नोकरीसाठी परगावी असते. दोन दिवस आली, तेव्हा मामाची ही अवस्था पाहून तिने माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ बसवून दिला. चौघांनी आपापल्या घरी बसून एकच जहाज चालवायचं. नकाशा एकाला दिसतो, सुकाणू दुसऱ्याकडे, इंजिन तिसऱ्याकडे, चौथा दुर्बीण घेऊन खडकांवर नजर ठेवणार. एकमेकांशी बोलल्याशिवाय जहाज जागचं हलत नाही. मी म्हटलं, "बासष्टाव्या वर्षी व्हिडिओ गेम? लोक काय म्हणतील?" लेक म्हणाली, "आई, लोकांना दिसणारच नाहीये तो."

दिसत नसला तरी ऐकू येत होता ना! पहिल्याच संध्याकाळी तीन अनोळखी पोरांबरोबर दादा सुकाणूवर बसला. "उजवीकडे घे," कोणीतरी इतक्या जोरात ओरडलं की हेडफोनबाहेर मलाही ऐकू आलं. "उजवीकडे घे," दादा म्हणाला आणि मग त्याने सुकाणू फिरवलं. तोवर खडक जहाजात घुसला होता. दुसऱ्या वेळीही तेच. "हा घोगरा पोपट कुठून आणलाय?" कोणीतरी विचारलं, बाकीचे खिदळले आणि त्यांनी त्याला काढूनच टाकलं. दादाने हेडफोन उतरवला, त्याची वायर नीट गुंडाळून ठेवली आणि गॅलरीत जाऊन बसला. मला त्या पोरांच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला, पण काढणार कुठे?

लेकीने मात्र हट्ट सोडला नाही. आठवडाभर शोधून तिने त्याच खेळाचा दुसरा एक गट काढला. नव्या माणसाला हसायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, घाई करायची नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं. त्यात एक बेकरीवाला होता. पहाटेचं काम आटोपून तो दुपारी खेळायला बसायचा. एक बाई होत्या, त्यांना सगळे 'मास्तरीण' म्हणत. तिसरी रात्रपाळी करणारी नर्स. दादा पहिले चार दिवस नुसतं टाइप करत राहिला. पाचव्या दिवशी सुकाणू त्याच्याकडे आलं आणि सूचना ऐकताच सवयीने तोंडातून निघून गेलं, "डावीकडे, सावकाश."

बेकरीवाला म्हणाला, "हे झकास आहे की! भट्टीच्या घरघरीत उभं राहून माझे कान गेलेत. काका, तुम्ही प्रत्येक वेळी असंच परत सांगत जा."

महिन्याभरात चौघंही परत सांगायला लागले आणि त्यांचं जहाज बुडायचं थांबलं. हे सगळं मला लेकीकडून कळलं. मी दिवसभर कामावर, मला घरात दिसायचा तो मुका दादाच.

एक दिवस डॉक्टरांनी दवाखाना लवकर बंद केला आणि मी दुपारीच घरी आले. दार उघडते तर आतून दादाचा आवाज. तो कोणा नवीन माणसाला सुकाणू कसं धरायचं ते समजावत होता. वाक्यं तुटत होती, मध्ये खोकला येत होता, पण पलीकडचा माणूस थांबत होता आणि दादा पुन्हा पुढे बोलत होता. चांगली दहा मिनिटं मी चपला हातात घेऊन उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"परक्यांशी एवढ्या गप्पा?" मी आत शिरून म्हटलं. "आणि माझ्याशी बोलताना जीभ टाळ्याला चिकटते?"

दादाने हेडफोन काढला. "तू—"

"कळलं! मी कटकट करते. नको बोलूस."

त्याने हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली.

पुढच्या आठवड्यात दादाच्या घशाची तपासणी होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून घसा पाहिला आणि आनंदाने सांगितलं, आवाज टिकला, बसायची भीती गेली. मी विचारलं, "आणि पहिल्यासारखा कधी होईल?" ते म्हणाले, "नाही होणार. आता हाच त्यांचा आवाज."

बाहेरच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले. दादा शांत. इतका शांत की मला त्याचा रागच आला. "तुला काहीच कसं वाटत नाही रे?"

"त्या लोकांना—"

"त्या लोकांना काय फरक पडतो, ते काय—"

त्याने तळहात माझ्या तोंडासमोर धरला. मी थांबले. त्याने आवंढा गिळला, श्वास घेतला आणि सावकाश म्हणाला, "त्या लोकांना माझा आधीचा आवाज माहीतच नाही. त्यांना हाच माझा. तुझ्याशी बोलायला लागलो, की तुझ्या चेहऱ्यावर दिसतं, माझं काय गेलंय ते. मग तूच वाक्य संपवतेस."

खरं होतं ते. त्याची खरखर मला सोसवत नव्हती, म्हणून मी ती तोडत होते, आणि वर त्याला सेवा म्हणत होते.

घरी आल्यावर मी चहा केला, त्याच्यासमोर ठेवला आणि हात मांडीत घट्ट धरून बसले. दादाने एक घोट घेतला.

"चहा..." तो म्हणाला आणि खोकला.

वर्षभर मी याच शब्दावर उठून त्याचा कप पुन्हा भरत आले होते. या वेळी नाही उठले. खोकला पूर्ण थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

"...फार गोड करतेस," दादा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."