टेप नंबर एकेचाळीस आणि खालाची सांदणं

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी रेवाने फोनवर विचारलं, "आजी, तू खरंच टीव्हीवर होतीस?" होते, तीन वर्षं! पण त्या चॅनेलची गोष्ट सांगायची तर एक प्रसंग गाळता येत नाही, आणि तो मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेला नाही. आता पंचाहत्तरी ओलांडली... हसलात तरी चालेल.

मी शाळेत इंग्रजी शिकवलं. कुणी भुताखेताचं बोललं की वेळ काय, सोबत कोण, असं विचारणारी मी. म्हणून इथेही सगळं तसंच लिहिते.

दोन हजार चारच्या आसपास भिवंडीत आमच्या केबलवाल्याकडे एक चॅनेल रिकामा होता. माझी शेजारीण जुबेदा त्याला म्हणाली, "हमको दे दो." झालं! चॅनेलचं नाव ठेवलं 'हौस'. कल्याण रोडवर जुबेदाच्या घराचा दुसरा मजला हा स्टुडिओ. कोन गावची ताराबाई कॅमेरा धरायची. लग्नांचं शूटिंग करून तिचा हात बसला होता. टेपांवर नंबर घालणं आणि रजिस्टर ठेवणं माझ्याकडे. मेंदी, भरतकाम, केसांची निगा, पाककृती... बाजारात बायका थांबवून विचारायच्या, "आज काय दाखवणार?"

खाली चारी बाजूंनी कापडाचे यंत्रमाग, म्हणजे लूम. त्या खडखडाटात शूटिंग अशक्य. म्हणून दुपारी लोडशेडिंग झालं, लूम थांबले, की आम्ही बॅटरीवर, खिडकीच्या उजेडात शूटिंग करायचो. सगळं गाव वीज गेली म्हणून कुरकुरायचं आणि आम्ही तिघी टाळ्या वाजवायचो.

जुबेदाची अम्मी, म्हणजे आम्हा सगळ्यांची खाला, मावशी, एकदाच कॅमेऱ्यासमोर बसली. तिने तांदळाच्या रव्याची वाफवलेली सांदणं केली... कापसासारखी! मी पुन्हा पुन्हा विचारलं, "खाला, प्रमाण?" प्रत्येक वेळी एकच उत्तर : "अंदाजाने गो."

पुढच्याच वर्षी खाला गेली. त्यानंतर काही महिन्यांनी केबलवाल्याने धंदा मोठ्या कंपनीला विकला आणि 'हौस' बंद झाला. जुबेदाच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. त्यांच्या घरी लग्नाच्या आदल्या दिवशी सांदणं लागतातच, आणि जुबेदाची दगड होत होती. ती म्हणाली, "टीचर, अम्मीची टेप काढा. हात तरी बघते तिचा."

मी रजिस्टर उघडलं. टेप एकेचाळीस. लावली... तर पडद्यावर मी! नॅपकिनच्या घड्या शिकवत होते. काटकसर म्हणून मीच जुन्या टेपांवर नवं शूटिंग करायला लावायचे.

ताराबाई म्हणाली, "मास्तरीणबाई, रुमालाची घडी घातलीस नि आख्खी खाला पुसून टाकलीस!"

जुबेदा हसली नाही. डोळ्याला ओढणी लावून बसली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, टीव्ही विझला. लूम एकदम गप्प. दुपारचे अडीच. घरात इन्व्हर्टर नव्हता, हे लक्षात ठेवा.

आणि टीव्ही लागला.

हिरवी ओढणी घेतलेली खाला. मागे आमचीच खिडकी. तिने थेट माझ्याकडे पाहिलं. "ए टीचर, लई विचारायचीस ना? घे, लिही आता."

माझ्या हातात रजिस्टर होतंच. मी लिहिलं! दोन वाट्या तांदळाचा रवा, एक वाटी नारळाचं दूध, आदल्या दिवशी काढून आंबवलेलं नारळाचं पाणी... "आनि जुबेदा, झाकण सारखं उघडू नको. लहानपणापास्नं खोड हाय तुला."

"नाही उघडणार, अम्मी," जुबेदा म्हणाली. रडत होती आणि हसतही होती.

मग वीज आली. लूम खडखडायला लागले, पंखा फिरला... आणि टीव्ही मात्र विझला.

टेप आम्ही पुन्हा तीनदा पाहिली. नॅपकिन, फक्त नॅपकिन. ताराबाई म्हणाली, "शूटिंग तर मीच केलंवतं. यातलं एक अक्षर ती तवा बोलली न्हाय." ते खरं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी जुबेदाने सांदणं केली आणि झाकण उघडू नये म्हणून ताराबाई त्यावर जाड फडकं टाकून हात ठेवून उभी राहिली. पहिला घास घेऊन जुबेदाने मला अशी मिठी मारली की चष्मा वाकला.

हे कसं झालं, ते मला माहीत नाही. इतकी वर्षं विचार केला, अजूनही माहीत नाही.

चॅनेल राहिला नाही, स्टुडिओच्या जागी आता कापडाचं गोदाम आहे. टेप एकेचाळीस माझ्या कपाटात आहे. रजिस्टरचं ते पानही आहे, शिसपेन्सिलीने, माझ्याच अक्षरात. आणि दर ईदला जुबेदाच्या घरून डबा येतो.