पश्चिमेला तोंड असलेलं देऊळ

गेल्या वर्षी आमच्या घरच्या गणपतीला अंगकोर वाटचं मखर होतं. कंबोडियातल्या त्या अवाढव्य दगडी देवळाची थर्माकोलची प्रतिकृती, नवऱ्यानं स्वतः केलेली. हॉलच्या मधोमध टेबल आलं, सोफा बाल्कनीत गेला आणि बहारीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या दोन खोल्यांत पाय टाकायला जागा उरली नाही. मी दिवसभर धुसफुसत असायचे, पण माझा राग जागा गेल्याचा नव्हता.

जूनमध्येच डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवऱ्याची फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, ती परत मऊ होणार नाहीत. घरी न्यायचं असेल तर आत्ताच न्या, ऑक्सिजन लावून विमानात बसता येईल. पुढं ते जमेलच असं नाही. घरी म्हणजे कराडला, त्याच्या आईकडे. गणपतीनंतर नेलं तर चालेल का, असं मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, "इंशाल्ला." इतकी वर्षं बहारीनमध्ये काढल्यावर इंशाल्ला कुठल्या जातीचं आहे ते आवाजावरून कळतं. हे नकाराचं होतं.

नवरा मात्र म्हणाला, "गणपती झाले की जाऊ." आणि थर्माकोल कापायला बसला.

ते देऊळ त्याचं जुनं वेड. जन्मभर काँक्रीटच्या इमारतींची गणितं केली, पण रिटायर झाल्यावर पहिलं तिकीट अंगकोरचं, हे ठरलेलं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी घालून तो मला सांगायचा, "त्या लोकांनी खरी कमान कधी बांधलीच नाही. एक दगड दुसऱ्यावर थोडा पुढं सरकवायचा, त्यावर तिसरा आणखी पुढं, असं करत दोन्ही बाजू वर जाऊन भेटवायच्या. म्हणून तिथं मोठा सभामंडप नाही, सगळे बोळच." मग तोही पट्टीवर पट्टी पुढं सरकवत तसंच छत चिकटवायचा. मी म्हटलं, एक तुकडा वाकवून लाव की, बाहेरून कुणाला कळणार आहे? "मला कळतं," म्हणाला.

मदतीला शेजारचे भाऊ यायचे. राजापूरकडचे, इथं हिद्दच्या बंदरावर ट्रेलर चालवतात. त्या देवळाच्या आत जांभ्या दगडाचा भराव आणि वरून वालुकाश्म, असं कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. "वैनी, म्हणजे आमच्या घराचा चिराच की हो!" देऊळ मुळात विष्णूचं, पुढं लोक बुद्धाकडे वळले, गाभाऱ्यात बुद्ध आला, भिक्षू राहू लागले. पण पश्चिमेच्या दारातला आठ हातांचा विष्णू तिथंच आहे, आता त्याला त्या जागेचा रक्षक मानून लोक उदबत्त्या लावतात, हे नवऱ्यानं सांगितलं तेव्हा भाऊंनी मान डोलावली. "राखणदार तो. देव बदलंल, राखणदार कसा बदलंल?"

भिंतीवरची शिल्पं नवऱ्यानं कागदाच्या लांब पट्ट्यांवर काढली होती. त्या चिकटवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी आपली देव उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेला निघाल्यासारखी, एकेक पट्टी लावत गेले. कराडच्या बाईला दुसरं काय सुचणार? सगळं वाळल्यावर तो बघायला आला.

"उलटं लावलंस. ही शिल्पं देव डाव्या हाताला ठेवून फिरत बघायची असतात. आणि बहुतेक देवळं पूर्वेकडे बघतात, हे पश्चिमेकडे."

"असं उलटं तर सरणाभोवती फिरतात," भाऊ बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"बरोबर," नवरा म्हणाला. "म्हणूनच काही अभ्यासक म्हणतात, हे त्या राजाचं समाधीमंदिर. काही म्हणतात, नाही."

मी गोंदाची बाटली भिंतीवर मारली. गणपतीच्या मखरात असलं अभद्र कशाला, म्हणून ओरडले. आईकडे चल म्हणून जीव तोडून सांगतेय आणि तू इथं भुसा हुंगत बसलायस. तो शांतपणे म्हणाला, "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही." मग आपल्या हातानं पट्ट्या सोलून काढायला लागला. त्याला कराडला का जायचं नव्हतं, ते मला ठाऊक होतं. आईनं या अवस्थेत बघू नये, एवढंच. तिला त्यानं फक्त खोकला म्हणून सांगितलं होतं, वाळवंटातली धूळ बाधते म्हणून. कराडसाठी राखून ठेवलेली माझी लीव्ह तशीच पडून राहिली.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी तपासणी झाली. आता विमान नाही, डॉक्टर म्हणाले. नंतर बघू, असंही म्हणाले नाहीत. गाडीत नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. त्याला सुटल्यासारखं वाटलं असणार आणि त्याचा मला आजही राग येतो.

गणपती बसले. पाच शिखरं, भोवती निळ्या कागदाचा खंदक, मधल्या शिखराखाली शाडूची छोटी मूर्ती, पश्चिमेला तोंड करून. संध्याकाळी आईंचा व्हिडिओ कॉल आला. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणावरच असतात. मुलानं केलेलं देऊळ त्यांना बघायचं होतं. त्यानं नाकातली नळी काढली, अंगात नवा सदरा घातला आणि फोन माझ्या हातात दिला.

"हे बघ आई, इथनं सुरुवात. हे कुरुक्षेत्र." मग वळून दुसऱ्या बाजूला गेला. "हा राजा, ही त्याची फौज. हा स्वर्ग, खाली नरक." तिसऱ्या बाजूला समुद्रमंथन होतं. "हे देव, हे..." म्हणाला आणि टेबलाची कड धरून उभा राहिला. पुढचा शब्द निघेना. ओठ निळे पडले. मी फोन छताकडे वळवला, नळी त्याच्या नाकात घातली आणि त्याला खाली बसवलं. ऑक्सिजनच्या मशिनचा आवाज फोनमध्ये जात होता.

"सूनबाई," आई म्हणाल्या, "फोन घेऊन बाजूला ये."

मी स्वयंपाकघरात गेले.

"ही धूळ न्हवं."

"नाही."

"कवापासनं?"

मी सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. "घेऊन ये त्याला," म्हणाल्या.

"आता येत नाही आई. विमानात बसू देत नाहीत."



"मग मला न्या तिकडं," त्या म्हणाल्या. "उचलून न्या. माझं काय, कुठं बी पडून ऱ्हाईन."

त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. त्या कुशीवरसुद्धा वळू शकत नव्हत्या. मी म्हटलं, "हो आई, बघते."

"बघते म्हनू नगं," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हन."