भावाला न दिलेलं मत

सुंदरा गेली त्या दुपारी तिचा भाऊ नारायण उशाशी बसून तिला चमच्यानं पाणी पाजत होता. तिनं त्याचा हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. ती काय विचारते आहे ते मला कळलं. मी म्हटलं, "बोलू नको, दम लागेल..." संध्याकाळी ती गेली.

मुलांनो, तुम्ही पत्रातून विचारता, खेड्यातल्या बायका घरचे सांगतील तिथेच शिक्का मारतात ना? माझ्या या धाकट्या जावेचं ऐका. तिचं माहेर गावातच. बहात्तरच्या दुष्काळात घरातली ज्वारी संपली, तेव्हा मी मुलं सांभाळली आणि ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथे बौद्धवाड्यातली कोंडाबाई तिची जोडीदारीण झाली. एकीची भाकरी दुसरी खाई. बायकांच्या बोलण्यात एकच विषय, पाण्याचा टँकर. तो नारायणच्या विहिरीत रिकामा व्हायचा, कारण नारायण पंचायतीचा मेंबर. कोंडाबाई म्हणे, "सुंदरे, तुझ्या भावाची हीर लय तान्हेली हाय बग." सगळ्या हसत. सुंदराला हसता येत नसे.

पुढच्या निवडणुकीला नारायण पुन्हा उभा राहिला. आदल्या दिवशी भाकऱ्या थापता थापता तिनं विचारलं, "आक्का, शिक्का कुठं मारला ते कळतं का कुनाला?" शिकलेल्या बाईच्या तोऱ्यात मी सांगितलं, कोणालाही नाही. का विचारतेस, हे काही विचारलं नाही. सकाळी ती घरच्यांबरोबर निघाली नाही. खडीवरच्या बायकांबरोबर रांगेत उभी होती.

नारायण थोडक्यात पडला. आमच्या ओसरीवर तो मान खाली घालून बसला होता आणि आत सुंदरा म्हणत होती, "मीच पाडलं आक्का त्याला. सांगून टाकू का? शिव्या दील, पर मी मोकळी व्हईन."

"मत गुप्त असतं. तुझा हक्क आहे तो," मी म्हटलं. तिच्या मतात चूक नव्हती, असं मला आजही वाटतं. पण तिला त्या शिव्या खायच्या होत्या, आणि माझ्या शब्दाखातर ती शेवटपर्यंत गप्प राहिली...

या भाऊबीजेला नारायण आमच्या दारात आला. "आक्का, पाट मांडा. आता कोन हाय मला ओवाळायला?" मी कुंकू लावत होते तेव्हा म्हणाला, "सारं गाव फिरलं तवा. पर सुंदरीचं मत माझंच व्हतं."

मी ताट ओवाळलं. त्यानं ताटात हिरवं लुगडं ठेवलं, दरवर्षी तिला घ्यायचा तसलंच. मी त्याची घडी अजून मोडलेली नाही.